पाटी, बॅनर आणि चित्रामागचा पांढरा रंग

ईद आणि लग्नसराई आली की सेलूच्या बाजारात कापडाच्या दुकानांवर नवे बॅनर लागतात. हिरव्या किंवा लाल जमिनीवर दुकानाचे नाव असते, पण शेजारचे बोधचिन्ह पांढऱ्या चौकटीत बसलेले दिसते. नव्या थानाला जुने ठिगळ लावावे, तसे. डिझाइन करणारा मोकळा होतो, पैसे मात्र आपले जातात. म्हणून हे काम कसे चालते ते आपण व्यापाऱ्यांनीही समजून घेतले पाहिजे.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. बिलबुक पांढऱ्या कागदावर छापायचे असेल तर पांढरे काढण्याची गरजच नाही. नेहमीच्या छपाईत पांढरी शाई नसते. तेथे कागद कोरा राहतो. अडचण येते ती रंगीत जमिनीवर. जेपीईजी फाइलमध्ये पारदर्शक जागा राहत नाही, पीएनजीमध्ये राहते. पण पीएनजी व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली तर पांढरे परत येते. ती 'डॉक्युमेंट' म्हणूनच पाठवावी.

आता कामाचे तीन प्रकार पाहू.

1) एकरंगी चिन्ह किंवा कातिबाने लिहिलेले उर्दू नाव : स्कॅन करून कोरलड्रॉमध्ये ट्रेस करावे आणि मागचा रंग काढावा. मग पाटी दहा फुटांची केली तरी कडा फुटत नाहीत. मात्र नुक्ते मोजून घ्या. ट्रेस करताना बारीक नुक्ता कचरा समजून गळतो आणि उर्दूत 'जमाल'चा 'हमाल' होतो. मराठी 'व', 'ब' यांच्या पोटातले पांढरेही निघाले का ते पाहा.

2) रंगीत मालाचा फोटो : फोटोशॉपमधील मॅजिक वँड एका टिचकीत पांढरे निवडते. कडेला पांढरी किनार राहिली तर 'डीफ्रिंज'ने काढावी. काही जण वेळ वाचवण्यासाठी 'मल्टिप्लाय' वापरतात. त्याने पांढरे लपते, पण मालाचा रंगही बिघडतो. हिरव्या जमिनीवर लाल ओढणी काळपट दिसते.

3) पांढरा माल : कुर्ता, टोपी, इहराम. येथे खरी परीक्षा आहे. मागचे पांढरे आणि माल यांतला फरक यंत्राला कळत नाही. ते बाहीच खाऊन टाकते. पेन टूलने कडेकडेने कापावे. त्याहून सोपे म्हणजे फोटोच राखाडी कापडासमोर काढावा. रंगीत कापड नको, त्याची झाक पांढऱ्यावर पडते. मोबाईलवरील ॲप हे काम क्षणात करतात, पण लेस आणि झालर तपासल्याशिवाय विश्वास ठेवू नये.

पाटी करताना कायदाही पाहा. 2022 च्या दुरुस्तीपासून राज्यातील लहान दुकानांनाही देवनागरीतील मराठी नाव बंधनकारक आहे. ते आधी हवे आणि त्याची अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान नकोत. उर्दू नाव त्या बेताने बसवावे.

छपाईला हो म्हणण्याआधी चित्र एकदा काळ्या जमिनीवर ठेवून दाखवायला सांगा. राहिलेली किनार लगेच दिसते. काम संपल्यावर मूळ फाइल आणि पीएनजी दोन्ही मागून घ्या. पुढच्या हंगामात तेच काम पुन्हा पैसे मोजून करावे लागणार नाही.