शेवटच्या कांडाची रुखरुख

पुस्तकामागून पुस्तक वाचत नायक-नायिकेत जीव गुंतावा आणि शेवटच्या पुस्तकाने विरस करावा, हा अनुभव पुष्कळ वाचकांना येतो. मला तो वाल्मीकिरामायणाने दिला. अमरावतीला शिकायला आल्यावर ग्रंथालयातून त्याचे मराठी भाषांतर मी एकेक कांड करून वाचले. श्रद्धेच्या दृष्टीने या ग्रंथाचे स्थान वेगळे आहे. येथे मी त्याकडे केवळ प्रेमकथा म्हणून पाहत आहे.

अरण्यकांडात राम झाडावेलींना सीतेचा ठावठिकाणा विचारतो. सुंदरकांडात त्याची अंगठी तिच्या हाती पडते. युद्धकांडात अग्निपरीक्षा होते, राज्याभिषेक होतो, फलश्रुतीही येते. कथा संपली असे वाटते आणि ७ वे उत्तरकांड सुरू होते. भद्र नगरातील कुजबूज रामाच्या कानी घालतो. (धोब्याची गोष्ट मागाहूनची, ती वाल्मीकींत नाही.) तेवढ्यावरून गर्भवती सीतेचा त्याग होतो. पुढे पुन्हा शपथ मागितली जाते, तेव्हा ती धरणीच्या पोटात जाते. हे कांड मागाहून जोडले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात; पण तेवढ्याने मनाची रुखरुख जात नाही. शेवट दुःखाचा आहे, ही माझी तक्रार नाही. कुजबुजणाऱ्यांना कोणी जाब विचारत नाही, ही आहे.

हीच रुखरुख ८ व्या शतकातील भवभूतीला लागली असावी. तो आपल्या विदर्भातला. त्याच्या पूर्वजांचे पद्मपूर म्हणजे गोंदिया जिल्ह्यातील आमगावजवळचे गाव, असे डॉ. वा. वि. मिराशी यांनी दाखवले. त्याच्या ‘उत्तररामचरित’ या ७ अंकी नाटकात राम व सीता पुन्हा भेटतात. परंतु तो शेवट उगाच गोड केलेला नाही. ३ ऱ्या अंकात अदृश्य सीता रामाचा शोक स्वतःच्या कानांनी ऐकते. तिच्या मनातील शल्य तेथे सैल होते. ७ व्या अंकात अरुंधती सर्वांसमक्ष प्रजेची कानउघाडणी करते आणि प्रजा सीतेला नमस्कार करते. त्यानंतरच मीलन होते.

सुट्टीत अकोला जिल्ह्यातील आमच्या गावी गेलो, तेव्हा आजीला हा शेवट सांगितला. आजी शाळेत गेलेली नाही. पण जात्यावर सीतेच्या वनवासाच्या ओव्या तिने जन्मभर म्हटल्या आहेत. तिने एवढेच विचारले, “आन् लोकायनं माफी मांगली का?” मी नमस्काराचे सांगितले. ती म्हणाली, “मंग ठीक हाय. नाई त थे कायले वापस येईन बाप्पा?”

आमच्या वऱ्हाडाने हा जाब आपल्या परीनेही विचारला आहे. यवतमाळ जिल्ह्यातील रावेरी येथे सीतेचे मंदिर आहे. तिला गहू नाकारणाऱ्या गावात पुढे गहू पिकला नाही, अशी तेथील लोककथा आहे.

तेव्हा शेवट न पटणे हा वाचकाचा हळवेपणा समजू नये. कथेने ज्याचे देणे ठेवले, ते वाचक मागत असतो. ग. दि. माडगूळकरांनी १९५५-५६ साली ५६ गीतांचे ‘गीतरामायण’ लव-कुशांच्या गायनापाशीच थांबवले. धरणी दुभंगण्यापर्यंत ते गेले नाहीत. माझ्या वर्गबंधुभगिनींना विनंती, की त्यांनी उत्तरकांड व ‘उत्तररामचरित’ लागोपाठ वाचावे आणि कोणता शेवट सीतेला न्याय देतो, ते स्वतः ठरवावे.