दगडातले पान

नागपूरजवळच्या कामठी परिसरात आणि चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यात गोंडवन काळातील खडक आहेत. त्यांत ग्लॉसोप्टेरिस या वनस्पतीची पाने सापडतात. वय पंचवीस कोटी वर्षांहून अधिक! १८२८ साली ब्राँन्यार यांनी दिलेल्या या नावाचा अर्थ ‘जिभेसारखे नेचे’. पुढे ती वनस्पती नेचे नसून बीजधारी असल्याचे कळले, तरी नाव तेच राहिले.

झाडावरून गळलेले पान एरवी कुजते. संथ पाण्याच्या तळाशी, जेथे ऑक्सिजन पोचत नाही अशा गाळात पुरले गेलेले पान मात्र टिकते. वरच्या थरांच्या भाराने ते चेपते. कोठे कार्बनचा काळा पापुद्रा उरतो, कोठे नुसता ठसा. ठसा किती सुबक, हे गाळाच्या कणांवर अवलंबून. चिकणमातीचा कण ०.००४ मिलिमीटरहून लहान, तर भरड वाळूचा अर्ध्या मिलिमीटरहून मोठा. पानाच्या शिरांची जाळी इतकी बारीक असते, की भरड वाळूच्या खडकात फक्त मधली जाड शीर उमटते. म्हणून हातभर दगडापेक्षा जाळी स्पष्ट असलेला बोटभर तुकडा मला अधिक मोलाचा वाटतो. (मधली शीर मुळातच नसेल, तर ते पान गँगॅमोप्टेरिसचे असू शकेल.)

जाळी पाहायची युक्ती सोपी आहे. खोलीत अंधार करा आणि टॉर्चचा प्रकाश दगडाच्या पृष्ठभागाशी दहा अंशांचा कोन करून तिरपा टाका. ०.१ मिलिमीटर उंच शिरेची सावली अर्ध्या मिलिमीटरहून लांब पडते. त्रिकोणमितीने पडताळून पाहा. समोरून प्रकाश टाकला तर सावलीच नाही.

खाणीत परवानगीशिवाय आणि मोठ्या माणसांशिवाय जाऊ नये. दगड फुटला तर दोन्ही फाका जपाव्यात, कागदात गुंडाळाव्यात. व्हार्निश लावू नये. ठिकाण, थर आणि तारीख तिथल्या तिथे लिहावी. घरी येऊन आठवू म्हणणाऱ्याचा संग्रह म्हणजे निव्वळ दगडांचा ढीग.

ठिकाणाला एवढे महत्त्व का? १९१२ च्या फेब्रुवारीत, दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट यांच्या तुकडीने बिअर्डमोर हिमनदीजवळ दगड गोळा केले. अन्न संपत आले, माणसे खचली, तरी सुमारे सोळा किलो दगड त्यांनी घसरगाडीवरून टाकले नाहीत. पुढे ते सर्व जण मरण पावले. मृतदेहांजवळ ते दगड मिळाले. १९१४ साली सिवर्ड यांनी त्यांतील पाने ओळखली: ग्लॉसोप्टेरिस! भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका यांच्याबरोबर आता बर्फाळ अंटार्क्टिकाही त्या एका पानाने जोडला गेला.