विस्मृत संकेतस्थळाचा शोध : एक पद्धती

औषधालयात आलेल्या वाळलेल्या ब्राह्मीच्या पोत्याविषयी एकदा आम्हांस शंका आली. ब्राह्मी व मंडूकपर्णी यांच्या शुष्क पंचांगातील भेद दाखविणारे एक सचित्र पान आंतरजालावर पूर्वी वाचल्याचे स्मरत होते; परंतु संकेतस्थळाचे नाव आठवेना. माल ठेवावा की परत करावा, हा प्रश्न होता. असे प्रसंग वैद्यांवर व औषधविक्रेत्यांवर नेहमीच येतात. म्हणून त्या शोधाचा क्रम येथे देत आहोत.

१. निश्चित शब्द निवडावेत. केवळ 'ब्राह्मी' लिहिताच शोधयंत्राने ब्राह्मी लिपी व केशतैले यांची पाने पुढे ठेवली. नको असलेल्या शब्दापूर्वी जागा न सोडता वजाचिन्ह दिले की तो शब्द असलेली पाने वगळली जातात.

२. शास्त्रीय नाव द्यावे. लोकव्यवहारात मंडूकपर्णीसही अनेक ठिकाणी ब्राह्मी म्हणतात. 'बकोपा मोनिएरी' व 'सेंटेला एशियाटिका' ही नावे रोमन लिपीत लिहिल्यास हा संभ्रम टळतो. जुन्या लेखनात 'मोनिएरा' असाही पाठ आढळतो. तोही शोधून पाहावा.

३. आठवणारे वाक्य जसेच्या तसे अवतरणचिन्हांत लिहावे. मात्र एखादा शब्द चुकीचा आठवत असल्यास पान हाती लागत नाही. अशा वेळी दोन-तीन शब्दांचाच तुकडा घ्यावा.

४. प्रकाशक आठवत असल्यास क्षेत्र मर्यादित करावे. रोमन लिपीत 'साइट', त्यास लागून अपूर्णविराम व पुढे संस्थळाचा पत्ता लिहिला, की शोध तेवढ्यापुरता राहतो. संस्थेचे पूर्वीचे नावही ध्यानात घ्यावे. केंद्रातील भारतीय चिकित्सा पद्धती विभाग २००३ मध्ये 'आयुष' झाला व २०१४ मध्ये त्याचे मंत्रालय झाले. अशा स्थित्यंतरांत पत्तेही बदलतात.

५. दुवा मिळाला पण पान उघडत नसेल, तर तो पत्ता इंटरनेट आर्काइव्हच्या 'वेबॅक मशीन'मध्ये टाकावा. २००१ पासून सर्वांस खुल्या असलेल्या या संग्रहात अनेक बंद पानांच्या जुन्या प्रती मिळतात. गूगलने स्वतःच्या साठविलेल्या प्रतींचे दुवे २०२४ मध्ये काढून टाकल्यामुळे या संग्रहाचे महत्त्व वाढले आहे.

आमचे पान याच पाचव्या पायरीवर सापडले. पोत्यातील पाने पाण्यात भिजवून उलगडली, तेव्हा ती वृक्काकार, दंतुर कडांची व लांब देठाची निघाली. ब्राह्मीचे पान लहान, मांसल व जवळजवळ देठविरहित असते. 'आयुर्वेदिक फार्माकोपिया ऑफ इंडिया'मध्येही ही दोन द्रव्ये स्वतंत्र दिली आहेत; ती वर्णने ताडून आम्ही माल परत केला.

सापडलेले पान हे प्रमाण नव्हे, प्रमाणाकडे नेणारी वाट आहे. लेखक व दिनांक पाहून, ग्रंथाशी ताडूनच त्याचा उपयोग करावा. आणि उपयुक्त पानाचा पत्ता त्याच दिवशी वहीत नोंदवून ठेवावा.