इंग्रजीचा आठवडा कसा आखावा?

मराठी माध्यमातील आमच्या मुलामुलींचे गाडे दहावीत पुष्कळदा इंग्रजीवर अडते. मुले बुद्धीने कमी नसतात. भाग संपविण्याच्या घाईत पाया कच्चा राहतो. म्हणून सायंकाळच्या अभ्यासवर्गासाठी आम्ही सहा दिवसांची आखणी सुचवितो. नियम एकच : आठवड्याला एक उतारा व एक रचना. उदाहरणार्थ, साधा वर्तमानकाळ घेऊ.

सोमवार : उतारा मोठ्याने वाचावा, अर्थ मराठीत सांगावा. नवे शब्द दहाच घ्यावेत.

मंगळवार : वाक्यरचना. मराठीत क्रियापद शेवटी येते, इंग्रजीत कर्त्यानंतर. 'मी खातो', 'तो खातो' यांत मराठी क्रियापद बदलत नाही. इंग्रजीत मात्र 'आय ईट', पण 'ही ईट्स'. म्हणूनच तो 'स्' मुलांकडून सुटतो.

बुधवार : प्रश्न व नकार. 'डज' आला की 'ईट्स'मधला 'स्' जातो, हे वीस वाक्यांतून घोटावे.

गुरुवार : घरातील माणसे रोज काय करतात, हे जोडीजोडीने बोलावे. चुकणाऱ्यास कोणी हसू नये.

शुक्रवार : त्याच विषयावर पुस्तक मिटून आठ ओळी लिहाव्यात.

शनिवार : नवे काही नको. वह्यांतील चुका, नाव न घेता, फळ्यावर मांडून सर्वांनी दुरुस्त कराव्यात. मग प्रत्येकाने आपल्या ओळी पुन्हा लिहाव्यात.

शनिवार गाळू नये, ही शिक्षक बंधुभगिनींस विनंती. निम्म्या वर्गाची तीच चूक राहिली, तर पुढील सोमवारी तीच रचना पुन्हा घ्यावी. धडा मागे पडला तरी चालेल. मूल मागे पडता कामा नये.