आबांचा प्रश्न आणि पाच मशीन

सुरुवातीलाच एक कबुली. माझं शिक्षण पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर मराठी विभागाच्या संपादकांना धरा, मला नको! पण हा लेख इंग्लिश सेक्शनला द्यायचा नाही हे पक्कं होतं. ज्यांच्या प्रश्नावरून तो सुचला त्यांना इंग्लिश वाचता येत नाही.

ते म्हणजे माझे आबा. आमचं गाव वडीगोद्री, तालुका अंबड, जिल्हा जालना. धुळे-सोलापूर हायवेने कुणी गेलं असेल तर फाटा पाहिला असेल. २०२३ च्या सप्टेंबरनंतर शेजारचं अंतरवाली सराटी देशभर माहीत झालं आणि तेव्हापासून आमच्याकडे चहाच्या टपरीवरसुद्धा राज्यघटनेवर चर्चा चालते. मार्च २०२४ ची गोष्ट. बारावीचे पेपर संपवून मी घरी आले होते. लोकसभेची निवडणूक तोंडावर होती आणि गावोगावी एकच विषय होता : आंदोलनातर्फे प्रत्येक गावातून इतके उमेदवार उभे करायचे की मशीनवर नावंच मावणार नाहीत. मग झक मारत कागदावर मतदान घ्यावं लागेल.

ओट्यावर बसलेल्या आबांनी मला हाक मारली. "तू इंजिनिअरिंगला चाललीस नव्हं? मग सांग, मशीनमधी गडबड करता येती का न्हाई?"

मी म्हटलं, "नाही येत आबा."

"कशावरून?"

झालं! मला उत्तरच देता येईना. टीव्हीवर ऐकलेलं पुन्हा सांगितलं, आबांनी मान हलवली आणि अडकित्ता उचलला. तो 'कशावरून' माझ्या डोक्यात तेव्हापासून बसलाय. नंतर जमेल तसं वाचत गेले, त्यातलं थोडं इथे देते.

आधी मशीन भरतं कधी ते बघू. मतदार ज्यावर बटण दाबतो ते बॅलट युनिट. त्यावर १६ बटणं असतात. केंद्राध्यक्षांजवळ असतं ते कंट्रोल युनिट, दोघांमध्ये ५ मीटरची केबल. हल्लीच्या एम-३ मॉडेलला २४ बॅलट युनिट एकापुढे एक जोडता येतात. २४ गुणिले १६, म्हणजे ३८४. त्यातलं एक बटण नोटाचं. म्हणजे ३८३ उमेदवारांपर्यंत मशीन चालतं, ३८४ वा आला की कागद. लोकसभेची अनामत रक्कम खुल्या गटाला २५,००० रुपये. ३८४ जणांचे झाले ९६ लाख! हे ऐकून आबा म्हणाले होते, "एवढ्यात तर गावाची पाइपलाइन हुईल." शेवटी तसे उमेदवार उभे राहिलेच नाहीत, तो बेत मागे पडला.

पण ही कल्पना आमच्या भागाने काढलेली नाही हे मला नंतर कळलं. १९९६ च्या लोकसभेला बेळगावात ४५६ उमेदवार होते. सीमाप्रश्नाकडे देशाचं लक्ष जावं म्हणून तिथल्या मराठी लोकांनी अर्जांचा पाऊस पाडला होता. त्याच वर्षी आंध्रातल्या नलगोंड्याला ४८० आणि तमिळनाडूतल्या मोडाकुरिची विधानसभेला १,०३३ उमेदवार होते. मोडाकुरिचीची मतपत्रिका तर पुस्तकासारखी बांधावी लागली होती. तेव्हा लोकसभेचं डिपॉझिट फक्त ५०० रुपये होतं. त्याच वर्षी कायदा बदलून ते १०,००० केलं. २०१९ ला तेलंगणात निजामाबादच्या हळद उत्पादक शेतकऱ्यांनी पुन्हा तेच केलं, एकूण १८५ उमेदवार झाले. पण या वेळी कागद आला नाही, १२-१२ बॅलट युनिट जोडून मतदान पार पडलं.

आता मूळ प्रश्न. कागद बरा की मशीन?

कागदाबद्दल आबांच्या पिढीला जिव्हाळा आहे. शिक्का मारला, घडी घातली, पेटीत टाकली, डोळ्यासमोर. पण त्याच पिढीने बूथ कॅप्चरिंगसुद्धा पाहिलंय. चार गुंड आत शिरले की अर्ध्या तासात गठ्ठेच्या गठ्ठे शिक्के मारून पेटीत! मशीनने हे अवघड केलं, कारण दोन मतांमध्ये ठरावीक वेळ जावाच लागतो, मिनिटाला चार-पाचच मतं पडतात, आणि धोका दिसला तर केंद्राध्यक्ष 'क्लोज' बटण दाबून मतदान बंद करू शकतात. शिवाय बाद मतं जवळजवळ संपली. कागदावर दोन चिन्हांच्या मध्ये शिक्का पडला की मत फुकट, आणि कमी शिकलेल्या माणसाचं मत जास्त फुकट जायचं.

ताजं उदाहरण हवं असेल तर ३० जानेवारी २०२४ ची चंदीगडच्या महापौरपदाची निवडणूक घ्या. मतदार किती, तर ३६! एवढ्याशा निवडणुकीत पीठासीन अधिकाऱ्याने आठ मतपत्रिका स्वतःच्या पेनाने खराब करून बाद ठरवल्या आणि २० मतंवाला हरला, १६ मतंवाला जिंकला. मला यातली पुढची गोष्ट महत्त्वाची वाटते. कॅमेऱ्यात सगळं आलं होतं, मतपत्रिका सुप्रीम कोर्टात मागवल्या, न्यायाधीशांनी त्या हातात घेऊन पाहिल्या आणि २० फेब्रुवारीला निकाल उलटा केला. त्यासाठी कुठल्याही इंजिनिअरची गरज पडली नाही.

कागदावरची लबाडी करायला सोपी आहे, पण ती मागे खूण सोडते, आणि ती खूण आबासुद्धा वाचू शकतात. मशीनमधली लबाडी करायला फार अवघड, पण झालीच तर बाहेरून काही दिसणार नाही. माझ्या मते सगळं भांडण या एका फरकाचं आहे. बाकी टीव्हीवरचा आरडाओरडा.

ईव्हीएमची भारतातली पहिली परीक्षा १९८२ मध्ये केरळातल्या परवूर मतदारसंघात झाली, ५० केंद्रांवर. गंमत अशी की मशीन नको म्हणून आधीच कोर्टात गेलेले शिवन पिल्लै १२३ मतांनी जिंकले! मग हरलेले ए. सी. जोस कोर्टात गेले. १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या ५० केंद्रांवर कागदावर फेरमतदान घ्यायला सांगितलं, कारण कायद्यात मशीनचा उल्लेखच नव्हता. फेरमतदानात जोस निवडून आले. कायदा १९८९ मध्ये बदलला आणि २००४ ची लोकसभा पूर्ण देशात मशीनवर झाली. म्हणजे 'जो हरतो तोच मशीनला नावं ठेवतो' ही तक्रार जुनीच आहे. पण हरणाऱ्यालाच तर पटवायचं असतं ना? जिंकलेल्याला पटवायला पुरावा कशाला लागतो!

मशीन हॅक होतं का? ते कुठल्याही नेटवर्कला जोडलेलं नसतं, त्यामुळे कुणी घरी बसून मोबाइलवरून बदल करेल हे व्हॉट्सअॅपवरचं शास्त्र. २०२४ ला मुंबई वायव्य मतदारसंघात ४८ मतांनी निकाल लागला, तेव्हा 'ओटीपी टाकून मशीन उघडलं' अशी बातमी फिरली. ईव्हीएमला ओटीपी लागतच नाही. पण मशीन हातात मिळालं तर? २०१० मध्ये हैदराबादचे हरी प्रसाद, अमेरिकेतले प्राध्यापक अॅलेक्स हाल्डरमन आणि नेदरलँड्सचे रॉप खोंगग्राइप यांनी एक खरं ईव्हीएम मिळवून दाखवून दिलं की आतला डिस्प्लेचा बोर्ड बदलला तर तो खोटे आकडे दाखवू शकतो. हरी प्रसाद यांना मशीन चोरीच्या प्रकरणात अटकसुद्धा झाली. ते जुनं मॉडेल होतं. हल्लीच्या मशीनमध्ये उघडायचा प्रयत्न केला तर ते बंद पडेल अशी सोय आहे, आणि कुठलं मशीन कुठल्या केंद्रावर जाणार ते रँडम ठरतं. तरी इंजिनिअरने 'अशक्य' हा शब्द जपून वापरावा असं मला वाटतं. (व्हायव्हाला मी वापरला होता, एक्स्टर्नल सरांनी पुढची दहा मिनिटं त्यावरच घेतली.)

जर्मनीच्या घटना न्यायालयाने २००९ मध्ये हाच मुद्दा धरला. तिथे कुणी घोटाळा सिद्ध केला नव्हता. कोर्ट एवढंच म्हणालं की मतमोजणी बरोबर झाली का हे साध्या नागरिकाला विशेष तांत्रिक ज्ञान नसताना तपासता आलं पाहिजे, आणि त्या मशीनमध्ये ते होत नव्हतं. थोडक्यात आबांचा 'कशावरून'!

आपल्याकडे त्यावरचं उत्तर म्हणजे व्हीव्हीपॅट. बटण दाबलं की काचेमागे चिठ्ठी येते, ७ सेकंद दिसते आणि पेटीत पडते. २०१३ मध्ये नागालँडच्या नोकसेन पोटनिवडणुकीत ते पहिल्यांदा वापरलं, २०१९ च्या लोकसभेला सगळीकडे. मशीनचा आकडा आणि चिठ्ठ्यांचा आकडा जुळला नाही तर चिठ्ठ्यांचा आकडा धरायचा असा नियम आहे. म्हणजे कागद आपल्याकडे आलेलाच आहे. प्रश्न असा की तो मोजायचा किती?

एप्रिल २०१९ पासून सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने प्रत्येक विधानसभा क्षेत्रातली ५ मशीन चिठ्ठ्या काढून पडताळतात. २६ एप्रिल २०२४ ला सगळ्या चिठ्ठ्या मोजायची मागणी कोर्टाने नाकारली. ५ हा आकडा पुरेसा आहे का हे आपण इथेच काढू, एम-थ्रीची भीती वाटणाऱ्यांनी घाबरू नये. समजा एका मतदारसंघात ३०० मशीन आहेत आणि त्यातली १०० कुणी बिघडवली. चिठ्ठीने काढलेल्या ५ मध्ये निदान एक खराब मशीन सापडायची शक्यता ८७ टक्के. झकास! पण ३०० पैकी ३० च बिघडवली तर ४१ टक्के. आणि फक्त ५ बिघडवली तर ८ टक्के. म्हणजे १०० पैकी ९२ वेळा चोर सुटला.

यावर कुणी म्हणेल, ५ मशीन बिघडवून काय होणार? फरक मोठा असेल तर काहीच नाही. लाखाच्या लीडला ५ मशीन म्हणजे दर्या में खसखस. राज्यभर मुद्दाम घोटाळा करायचा म्हटलं तर तोही लपणार नाही : २०२४ च्या विधानसभेनंतर राज्यातल्या २८८ मतदारसंघांत मिळून १,४४० मशीनच्या चिठ्ठ्या मोजल्या आणि सगळ्या जुळल्या असं निवडणूक अधिकाऱ्यांनी जाहीर केलं. इतक्या मोठ्या सॅम्पलमधून मोठा घोटाळा सुटणं जवळजवळ शक्य नाही. आबांच्या प्रश्नाचं हे पहिलं ठोस उत्तर मला मिळालं, आणि ते समाधानाचं आहे. पण काठावरच्या जागेचं काय? बीडला २०२४ ला ६,५५३ मतांनी निकाल लागला. अशा ठिकाणी प्रत्येक विधानसभेमागे ५, आणि लाखाच्या लीडलाही ५, हे गणित मला पटत नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात २०१७ पासून वेगळी पद्धत आहे. तिथे फरक जितका कमी तितके कागद जास्त मोजतात, आणि अगदीच काठावर असेल तर सगळे. खर्च वाढतो तो फक्त गरज असेल तिथे. आपल्याकडे चिठ्ठ्या छापल्या तर जातातच, मग अशा जागी त्या मोजायला काय हरकत आहे?

अजून एक गोष्ट मला खटकते. लोकसभेला, विधानसभेला व्हीव्हीपॅट आहे, पण २०२५ च्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांना ते वापरणार नाही असं राज्य निवडणूक आयोगाने सांगितलं. गावात खरी चुरस तर तिथेच असते. दहा-बारा मतांनी सदस्य पडतात आणि दोन भावकी वर्षभर बोलत नाहीत.

मारकडवाडीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. सोलापूर जिल्हा, माळशिरस तालुका. विधानसभेच्या निकालात गावाचा आकडा लोकांना पटेना, म्हणून त्यांनी ३ डिसेंबर २०२४ ला स्वतःच कागदावर मतदान घ्यायचं ठरवलं. प्रशासनाने जमावबंदी लावली, पोलीस आले, मतदान झालं नाही. कायद्याने पाहिलं तर अशा मतदानाला अर्थ नव्हता, आणि दोन आठवड्यांनी लोक तसंच मत देतील याचीही खात्री नव्हती. पण त्या गावाच्या शंकेचं काय झालं? चिठ्ठ्या होत्या. त्या गावातल्या केंद्रांच्या चिठ्ठ्या सगळ्यांसमोर मोजून दाखवल्या असत्या तर एका दुपारचं काम होतं. एखाद्या गावाने मागितलं म्हणून त्याच्या चिठ्ठ्या मोजायची सोय नियमात नाही. असायला हवी.

आता आपल्या लेव्हलवर येते. मागच्या वर्षी मी राहत होते त्या हॉस्टेलच्या मेस कमिटीची निवडणूक आठवते? सह्या ११८ आणि स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या १२१! जिंकणारी आणि हरणारी यांच्यात फरक दोनचा. "जाऊ दे गं, मेसच तर आहे" म्हणत निकाल लावला आणि सेमिस्टरभर प्रत्येक पातळ डाळीला त्या तीन चिठ्ठ्यांची आठवण निघाली. यंदा आम्ही डबा आधी सगळ्यांना उलटा करून दाखवला, सह्यांचा आकडा मोजणीआधी फळ्यावर लिहिला, आणि हरलेल्या दोघींनाच चिठ्ठ्या मोजायला बसवलं. निकाल ४ मतांनी लागला. डाळ अजून पातळच आहे, पण भांडण झालं नाही.

दिवाळीत घरी गेले तेव्हा आबांना ८७, ४१ आणि ८ टक्क्यांचं गणित तुरीच्या दाण्यांवर करून दाखवलं. ३०० दाणे मोजून घेतले, ३० दाण्यांना शाई लावली आणि सुपात मिसळून डोळे मिटून ५ काढायला सांगितले. पहिल्यांदा एकही शाईचा आला नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा एक आला. आबांनी तो बोटात धरून बराच वेळ बघितला आणि विचारलं, "मग पाचच का काढतेत?"