आत्ययिक चिकित्सा परिषदेसाठी शोधनिबंधाचा गोषवारा : एक लेखनविचार

प्रस्तावना

चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, तद्विद्यसंभाषेचा विचार विस्ताराने आला आहे. समान विद्या जाणणाऱ्यांशी केलेल्या चर्चेने ज्ञान वाढते, वाक्चातुर्य येते आणि पूर्वी ऐकलेल्या गोष्टींविषयीचा संशय फिटतो, असे आचार्यांचे प्रतिपादन आहे. आजच्या काळातील वैद्यकीय परिषद हे त्या संभाषेचेच एक रूप होय. मात्र आजच्या सभेत प्रवेश मिळवावयाचा तर आधी अडीचशे-तीनशे शब्दांत आपले म्हणणे लिहून पाठवावे लागते. हाच शोधनिबंधाचा गोषवारा.

आपल्यापैकी अनेक स्नातक आज रुग्णालयांच्या अपघात विभागात रात्रपाळी करतात. महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झालेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका सेवेतही आयुर्वेद पदवीधर मोठ्या संख्येने काम करीत आले आहेत. खेड्यात तर विंचू वा साप चावलेला, भाजलेला, बेशुद्ध झालेला रुग्ण कित्येकदा प्रथम वैद्याच्याच दारी येतो. म्हणजे आत्ययिक अवस्थेतील पहिला अर्धा तास आपल्या डोळ्यांसमोर घडतो. परंतु त्याची शास्त्रशुद्ध नोंद आपल्याकडून फारशी बाहेर जात नाही. तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने २००९ मध्ये आत्ययिक चिकित्सेला स्वतंत्र विषयाची मान्यता दिली. 'सोसायटी फॉर इमर्जन्सी मेडिसिन, इंडिया' या संस्थेच्या 'एमकॉन' या वार्षिक परिषदेसारखी व्यासपीठेही उपलब्ध आहेत. तेथे आपला अनुभव मांडावयाचा असेल तर गोषवारा कसा लिहावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उद्देश आणि निर्देश

तंत्रयुक्तींमध्ये थोडक्यात केलेल्या कथनास 'उद्देश' व सविस्तर कथनास 'निर्देश' म्हटले आहे. गोषवारा हा उद्देश होय आणि संपूर्ण निबंध हा निर्देश. निर्देश तयार नसताना केवळ उद्देश लिहिण्याचा मोह अनेकांना होतो. 'निकाल नंतर सादर केले जातील' हे वाक्य त्या मोहाचेच चिन्ह आहे व परीक्षक ते तत्काळ ओळखतात.

आधुनिक वैद्यकात शीर्षकवार गोषवाऱ्याची पद्धत १९८७ मध्ये 'ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन' या नियतकालिकाने पुढे आणली व ती पुढे सर्वत्र रूढ झाली. पार्श्वभूमी व उद्देश, पद्धती, निष्कर्षित आकडे आणि अनुमान हे तिचे चार भाग. आपल्याला ही रचना परकी वाटण्याचे कारण नाही. विमानस्थानात प्रतिज्ञा, हेतू, दृष्टांत, उपनय व निगमन हा स्थापनेचा क्रम दिला आहे. दोन्ही क्रम तंतोतंत एक नाहीत. तथापि जे सिद्ध करावयाचे ते आधी स्पष्ट सांगावे, त्यास आधार द्यावा आणि आधाराने पेलेल तेवढेच निगमन करावे, ही शिस्त दोहोंत समान आहे.

एक अनुकरणीय उदाहरण

रायगड जिल्ह्यातील महाड येथे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर केलेले कार्य सर्वांना ठाऊक आहे. उलट्या, दरदरून घाम, हातपाय गार पडणे ही लक्षणे पुढे येणाऱ्या हृदयविकृतीची व फुफ्फुसशोथाची पूर्वसूचना देतात, हे त्यांनी १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडले. पुढे १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात प्राझोसिनच्या उपयोगाविषयी लिहिले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री प्राप्त झाली. हे सर्व कार्य तालुक्याच्या गावी, रुग्णाजवळ बसून घेतलेल्या नोंदींतून उभे राहिले, हे आपण लक्षात ठेवावे.

त्यांचा व सहकाऱ्यांचा २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास गोषवारा-लेखनाच्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. प्रश्न एकच : विंचूदंशावरील प्रतिविष प्राझोसिनसोबत दिले असता केवळ प्राझोसिनपेक्षा रुग्ण लवकर बरा होतो काय? रुग्ण ७०, यादृच्छिक पद्धतीने ३५-३५ चे दोन गट. मुख्य मापदंड आधीच निश्चित केलेला : उपचारानंतर दहा तासांत लक्षणांचे पूर्ण शमन. निकाल : प्रतिविष व प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी ३२, तर केवळ प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी ८ रुग्णांत असे शमन झाले. कोणते उपचार दिले हे चिकित्सकास ठाऊक होते, ही मर्यादाही त्यांनी शीर्षकातच 'ओपन लेबल' या शब्दांनी उघड केली.

येथे 'उत्तम उपशय', 'लक्षणीय गुण' असा एकही शब्द लागलेला नाही. बत्तीस आणि आठ हे दोन आकडेच सर्व काही सांगतात.

आमची एक चूक

काही वर्षांपूर्वी आम्ही सर्पदंशाच्या रुग्णांविषयीचा एक गोषवारा अशाच एका परिषदेकडे पाठविला होता. शीर्षक होते 'सर्पदंशात आयुर्वेदाचे महत्त्व'. तो परत आला. परीक्षकाचा शेरा तीन प्रश्नांचा होता : रुग्ण किती? दंशानंतर किती वेळाने आले? प्रतिविषाखेरीज काय दिले आणि ते केव्हा? प्रथम राग आला. आयुर्वेदाविषयी आकस असावा असेही वाटले. नंतर मूळ रुग्णपत्रिका काढून पाहिल्या, तेव्हा बहुसंख्य पत्रिकांवर दंशाची वेळच लिहिलेली नव्हती. उत्तर लिहिण्याचा प्रश्नच उरला नाही. दोष भाषेचा किंवा परीक्षकाचा नव्हता, आमच्या नोंदींचा होता.

याच ठिकाणी आम्हाला खरा विषय सापडला. चरकोक्त विषचिकित्सेतील चोवीस उपक्रमांत अरिष्टाबंधनाचा समावेश आहे. आजच्या सर्पदंश उपचारपद्धतीत मात्र घट्ट आवळपट्टी बांधू नये, अवयव हलू न देता रुग्णास त्वरेने प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे, असे सांगितले जाते. रक्तप्रवाह अडल्याने अवयवास इजा होण्याचा धोका व बंध सोडताच विष एकदम पसरण्याची भीती ही त्याची कारणे. मग आपल्या भागात आजही किती रुग्ण बंध बांधून येतात? तो बांधण्यात व अन्यत्र थांबण्यात किती वेळ जातो? हा प्रश्न लहान आहे, खर्चाचा नाही आणि गावातील वैद्याखेरीज तो कोणी चांगला सोडवू शकणार नाही. 'ग्रामीण दवाखान्यात आलेल्या सर्पदंशाच्या रुग्णांत दंशापासून प्रतिविषापर्यंतचा कालावधी व आवळपट्टीचा वापर : एक वर्षाच्या नोंदींचा अभ्यास' असे शीर्षक त्यास शोभेल. कोण, काय, कोठे व कोणत्या पद्धतीने हे सर्व त्यात आले आहे.

पाच वाक्यदोषांची कसोटी

विमानस्थानातच न्यून, अधिक, अनर्थक, अपार्थक व विरुद्ध असे पाच वाक्यदोष सांगितले आहेत. गोषवारा लिहून झाल्यावर याच कसोट्या लावून पाहाव्यात.

१) न्यून : आवश्यक ते न सांगणे. रुग्णसंख्या, कालावधी, निवडीचे निकष, मुख्य मापदंड व मध्येच सुटून गेलेले रुग्ण यांपैकी काही राहिले असल्यास गोषवारा न्यून समजावा. औषधी द्रव्य असेल तर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, उपयुक्तांग, कल्प, मात्रा, अनुपान व काल द्यावा. वनौषधींच्या चाचण्यांसाठी 'कन्सॉर्ट' मार्गदर्शिकेची स्वतंत्र पुरवणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली आहे. तसेच चाचण्यांच्या गोषवाऱ्यासाठी २००८ मध्ये वेगळी सूची प्रसिद्ध झाली. दोन्ही जवळ ठेवाव्यात.

२) अधिक : प्रस्तुताशी संबंध नसलेले सांगणे. आयुर्वेदाची प्राचीनता, संस्थेचा इतिहास व मान्यवरांचे आभार यांना तीनशे शब्दांत जागा नाही. पार्श्वभूमी दोन वाक्यांत संपवावी.

३) अनर्थक : ज्यातून अर्थबोध होत नाही असे शब्द. 'चांगला परिणाम', 'बऱ्याच रुग्णांत' हे शब्द या वर्गातील. परीक्षकास अपरिचित संज्ञाही त्याच्या दृष्टीने अनर्थकच ठरते. म्हणून तमकश्वास लिहिताना दम्याचे आधुनिक निदान कोणत्या निकषांवर केले, हेही लिहावे. संज्ञा टाकून देऊ नये, तिचा अर्थ द्यावा.

४) अपार्थक : शब्द सार्थ, परंतु परस्परसंबंध नाही. उद्देशात वेदनाशमनाचा प्रश्न आणि निकालात केवळ रक्ततपासणीचे आकडे, असे अनेकदा आढळते. जो प्रश्न विचारला त्याचेच उत्तर प्रथम द्यावे.

५) विरुद्ध : पूर्वापर विसंगती. पद्धतीत साठ रुग्ण आणि निकालात अठ्ठावन्न, मधल्या दोघांचा उल्लेखच नाही. किंवा तुलनागट नसताना 'हे औषध अधिक गुणकारी आहे' असे अनुमान. हा दोष सर्वांत घातक होय.

नकारात्मक निकालाविषयी

'सोसायटी फॉर ॲकॅडेमिक इमर्जन्सी मेडिसिन' या अमेरिकी संस्थेच्या १९९१ च्या परिषदेकडे आलेल्या ४९२ गोषवाऱ्यांचा मागोवा घेणारा अभ्यास १९९८ मध्ये 'जामा'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १७९ स्वीकारले गेले होते. अनुकूल निकालांकडे असलेला कल गोषवारे पाठविण्याच्या टप्प्यावरच दिसून आला व निवडीत तो आणखी वाढला, असे त्यात आढळले. म्हणजे ज्या उपचाराचा उपयोग झाला नाही, त्याची वार्ता सभेपर्यंत पोहोचतच नाही. आत्ययिक चिकित्सेत याची किंमत रुग्ण मोजतो. कारण निरुपयोगी उपाय करण्यात गेलेला वेळ परत मिळत नाही. आपल्या अभ्यासात एखाद्या कल्पाचा गुण दिसला नाही, तर तेही निःसंकोच लिहावे. शास्त्राचा अवमान त्याने होत नाही.

नैतिक बाजू

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे आपल्यालाही लागू आहेत. एथिक्स कमिटीची परवानगी अभ्यासापूर्वी घ्यावयाची असते, गोषवारा लिहिताना नव्हे. जुन्या नोंदींच्या अभ्यासासाठीही समितीस विचारावे. संमतीतून सूट द्यावयाची किंवा नाही हे समिती ठरविते. उपचारांची चाचणी असल्यास २००७ मध्ये सुरू झालेल्या 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया'त नोंदणी हवी. एप्रिल २०१८ पासून तेथे पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच नोंदणी करावी लागते. नोंदणीचा क्रमांक गोषवाऱ्यात द्यावा.

बेशुद्ध वा अत्यवस्थ रुग्णाच्या संमतीचा प्रश्न येथे विशेष कठीण असतो. नातेवाइकांची संमती केव्हा व कशी घ्यावयाची, शुद्धीवर आल्यावर रुग्णास कसे विचारावयाचे, हे आधीच लिहून समितीपुढे ठेवावे. आणि एक मर्यादा कधीही ओलांडू नये : प्रतिविष, प्राणवायू, रक्त यांसारखा सिद्ध प्राणरक्षक उपचार अभ्यासासाठी रोखून धरता येत नाही. आयुर्वेदीय उपक्रम त्याच्या जोडीने द्यावा व तुलनाही त्याच चौकटीत करावी.

पाठविण्यापूर्वी

परिषदेची सूचनापत्रिका प्रथम वाचावी. शब्दमर्यादा, तक्त्यांविषयीचा नियम व विषयवर्ग प्रत्येक ठिकाणी निराळे असतात. परीक्षण अनेकदा नाव झाकून होते. तेथे मजकुरात संस्थेचे वा गावाचे नाव आल्यास गोषवारा बाद होऊ शकतो. लेखक म्हणून ज्यांनी प्रत्यक्ष काम केले त्यांचीच नावे द्यावीत. गोषवारा शेवटी लिहावा, शीर्षक त्याहूनही शेवटी. अभ्यासात नसलेल्या एका सहकाऱ्यास तो वाचावयास द्यावा व काय कळले ते त्याच्याच तोंडून ऐकावे. अंतिम तारखेच्या रात्री पाठविणे टाळावे.

गोषवारा स्वीकारला गेला म्हणजे कार्य संपले, असे मानू नये. कोक्रेन संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यानुसार परिषदांत सादर झालेल्या गोषवाऱ्यांपैकी शेकडा सुमारे ३७ च पुढे संपूर्ण निबंधरूपाने प्रसिद्ध होतात. उद्देशानंतर निर्देश यावयासच हवा.

उपसंहार

चांगल्या गोषवाऱ्याचा आरंभ लेखनाच्या मेजावर होत नाही, रुग्ण दारात येतो त्या क्षणी होतो. दंशाची वेळ, येण्याची वेळ, पहिली नाडी, पहिला रक्तदाब, दिलेले पहिले औषध व त्याची वेळ : या सहा नोंदी प्रत्येक आत्ययिक रुग्णाच्या पत्रिकेवर असाव्यात. दंशाच्या जागी अपघात वा लक्षणांचा आरंभ असेल, तर ती वेळ लिहावी. आमच्या दवाखान्यात त्या प्रसंगानंतर असा शिक्काच करून घेतला असून पत्रिका उघडताच तो उमटविला जातो. वैद्यबंधू-भगिनींनी आजपासून एवढे जरी केले, तरी वर्षअखेरीस प्रत्येकाकडे एक प्रामाणिक प्रश्न व त्याचे उत्तर देण्याइतकी सामग्री जमा होईल, आणि विद्वत्सभेत आपल्याला अनुभवाच्या जोडीला पुरावाही ठेवता येईल.