‘बसंत’ : शेतासाठी घडलेले विमान



पांढुर्णा-सौंसर म्हणजे कापूस आणि संत्र्याचा मुलूख. पाठीवर पंप बांधून फवारणीला निघालेले बाबा किंवा काका तुम्ही पाहिलेच असतील. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हा फवारणीचा प्रश्न आपल्या घरचाच आहे.

मोठ्या क्षेत्रावर झटपट फवारणी व्हावी म्हणून बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सने एक हलके विमान बनविले. नाव ‘बसंत’, म्हणजे आपला वसंत ऋतू. या कारखान्यात भारतीय आराखड्याची परंपरा घातली ती कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेल्या डॉ. विष्णु माधव घाटगे यांनी. त्यांच्या नेतृत्वाखाली घडलेले ‘एचटी-२’ हे प्रशिक्षण विमान १९५१ साली उडाले.

‘बसंत’चा पहिला आराखडा समाधानकारक ठरला नाही. अभियंत्यांनी तो बाजूला ठेवून नव्याने मांडणी केली. वैमानिकाची जागा उंच केली, कारण पिकावरून अगदी खालून उडताना झाडे आणि तारा वेळेवर दिसल्या पाहिजेत. इंजिन ४०० अश्वशक्तीचे घेतले. सुमारे ६०० किलो औषध किंवा खत भरता येईल अशी टाकी ठेवली. चाके आत न जाणारी, साधी व मजबूत. हे नवे विमान ३० मार्च १९७२ रोजी प्रथम उडाले. १९८० पर्यंत अशी ३९ विमाने तयार झाली, मग उत्पादन थांबले.

आपल्या लहान शेतांवर, बांधाच्या झाडांमधून असे विमान चालविणे कठीणच. आता दहा लिटरच्या टाकीचे ड्रोन आले आहेत. चालविणारा शेताबाहेर उभा राहतो, हा मोठा लाभ. पण वाऱ्याने औषध उडतेच; म्हणून ड्रोन असो की पंप, मुखपट्टी व हातमोजे सुटू नयेत, ही पालकांना आमची विनंती.

गणित चुकले की आमची मुले वही लपवितात. अभियंत्यांनी चुकलेला आराखडा लपविला नाही, दुरुस्त केला. आम्ही या धड्यातून एवढेच शिकवू इच्छितो.

गृहपाठ : घरचा फवारणी पंप रिकामा, धुतलेला असताना मोठ्यांसमोर दुरूनच पाहा. हात लावू नका. त्याचे चित्र काढा आणि पाठीवर औषध गळू नये म्हणून काय बदलाल, ते पाच ओळींत लिहा.